जळकोट ते उदगीर, पूर्ण

मी पुठ्ठा बोलतोय. नाक मुरडू नका. नव्या शर्टाच्या घडीत असतो ना, तोच साधा पुठ्ठा. लातूरच्या एका दुकानात महिनाभर एका निळ्या शर्टाची छाती ताठ ठेवायचं काम मी केलं. मेव्हण्याच्या लग्नासाठी साहेबरावांनी तो शर्ट घेतला, गाडीतच अंगात घातला आणि मला सीटखाली भिरकावलं.

साहेबराव जळकोट-उदगीर काळी-पिवळी जीप चालवतात. वर्षभर मी तिथं चपलांची माती खाल्ली. पंक्चर झालं की माझ्यावर गुडघे टेकायचे. एकदा तर माझ्यावर भजी ठेवून खाल्ली. तो तेलाचा डाग अजून आहे, मी लपवत नाही.

मला वर काढलं वर्षाराणीनं. ती उदगीरला औषधाच्या दुकानात कामाला जाते. गाडीतली रोजची ढणढणाटी गाणी ऐकून पोरगी वैतागली होती. सरकारी रेडिओचे कार्यक्रम आता पॉडकास्ट म्हणून मोबाइलवर मिळतात. वाटेत रेंज जाते, म्हणून ती घरूनच उतरवून आणायची. एक दिवस तिनं मोबाइल गाडीच्या स्पीकरला जोडला, ऐकण्यासारखं काय काय आहे ते मार्करनं माझ्यावर लिहिलं आणि मला आरशाखाली टांगलं.

मिनिटांत कुणाला रस नव्हता. प्रवाशांनी वेळ रस्त्यावर मोजायला लावली. ‘सोयाबीनवरची अळी : नाक्यापासून दुसऱ्या पुलापर्यंत.’ ‘शरण संतांची वचनं, अर्थासह : पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत.’ ही दुसरी शिफारस किराणा दुकानदार शंकरप्पांची. ती लावली आणि ते स्वतःच घोरायला लागले. तेव्हा पुढच्या सीटवरच्या किशनरावांनी, म्हणजे माजी उपसरपंचांनी, नियम काढला. ज्यानं आधी ऐकलंय त्यानंच शिफारस करायची आणि ओळीपुढं स्वतःचं नाव लिहायचं. नाव नाही तर कार्यक्रम नाही.

नियम चांगला होता. काढणाऱ्यालाच तो पुढं जड गेला, त्याला मी काय करू?

पालेभाजी विकणारी सिंधु रोज मागच्या सीटवर बसायची. चार महिने तिचं अंगावरून जात होतं आणि ती गप्प होती. एके दिवशी वर्षाराणीनं इअरफोनचं एक टोक तिच्या कानात घातलं. बायकांच्या दुखण्यांवरचा कार्यक्रम होता. तो ऐकून ती दवाखान्यात गेली, पिशवीतली गाठ वेळेवर काढली गेली आणि बाई पुन्हा मेथीचं गाठोडं घेऊन गाडीत हजर झाली.

मग एका सकाळी ती जाऊबाईंना घेऊन आली. जाऊबाईंना तोच त्रास, आणि तोंडात एकच वाक्य, वय झालं की होतंच. सिंधु वर्षाराणीच्या कानाशी लागली. “माझं ऐकत न्हाई गं. रेडिओचं तरी ऐकंल.”

वर्षाराणीनं सातवी ओळ लिहिली. ‘चाळिशीनंतर बाईचं अंग : जळकोट ते उदगीर, पूर्ण.’

किशनरावांनी मान वळवून वाचलं. “हे काय लावायलात? गड्यामाणसांत असलं ऐकायचं? आन् नाव कुठंय फुडं?”

“मी लिहिते माझं,” वर्षाराणी म्हणाली.

“थांब पोरी,” सिंधु म्हणाली. “तुझं लगीन व्हायचंय. झालंय ते मला.”

टपाला डोकं लागू नये म्हणून ती वाकून उठली. बचत गटात सही शिकलेली बाई, तेवढंच तिला लिहिता यायचं. धावत्या गाडीत तिनं माझ्यावर नाव लिहिलं. अक्षरं वाकडी, पण मार्कर असा दाबला की माझ्या पाठीवर वळ उठले.

“मला झालतं. हे ऐकलं म्हणून वाचले. लावा साहेबराव.”

साहेबरावांनी किशनरावांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बटण दाबलं. पूल गेला, टाकी गेली. किशनराव खिडकीबाहेर बघत बसले. उदगीर आलं तेव्हा जाऊबाई एवढंच बोलल्या, “दवाखान्यापाशी थांबवा.” त्या दिवशी मला माझ्या अंगाचा अभिमान वाटला, डागासकट.

दुसऱ्या दिवशी माझा सातव्या ओळीचा कोपरा कुणीतरी फाडला. कुणी ते मला ठाऊक आहे. पुढच्या सीटवर त्या वेळी एकच माणूस होता, एवढंच सांगतो.

सिंधुनं कोपरा शोधला नाही. तिनं मला उलटा केला आणि वर्षाराणीकडून ती एकच ओळ माझ्या पाठभर लिहून घेतली. “आता फाडायचं तर अख्खा फाडा म्हणावं,” ती म्हणाली, किशनरावांना ऐकू जाईल अशी.

आता मी मऊ पडलोय, कडा सुटल्यात. फार दिवस काढणार नाही. पण त्या ओळीखाली आज नऊ नावं आहेत आणि एक अंगठा. अंगठा जाऊबाईंचा. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर पहिल्याच फेरीला त्यांनी तो उठवला.

तेव्हा पुढच्या सीटवर बसणाऱ्यांनो, मला फाडायचं तर खुशाल फाडा. फक्त आधी भरल्या गाडीत ही नावं मोठ्यानं वाचा. मागच्या सीटवर त्या बायका बसलेल्या असतील, आणि प्रत्येक नावाला ‘हाव, मीच’ म्हणतील.