ओढून बसवलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची नळी आहे. पेन्सिलीहून बारीक, वीतभर लांब आणि दोन ठिकाणी वाकलेली. हल्ली घाटकोपरला, असल्फ्याच्या एका गाळ्यात खिळ्याला लटकून असते. लोक मला भंगार समजतात. समजोत बापडे, माझं काही अडत नाही.

माझा जन्म पेंटबॉलच्या बंदुकीसाठी झाला. या खेळात रंग भरलेले छोटे गोळे उडवतात आणि त्यांना ढकलते ती दाबाखालची हवा. बाटलीतली हवा बंदुकीत नेऊन पोचवायची, एवढंच आमचं काम. मानसी सावंतच्या बंदुकीला आधी रबरी नळी होती. ती बाहेर लोंबायची आणि झुडपात अडकायची. मानसी दहिसरच्या पुढे एका मैदानावर हा खेळ शिकवते, स्वतःही खेळते. तिला बंदुकीच्या अंगाला चिकटून जाणारी पक्की स्टीलची नळी हवी होती.

ती कुणाकडूनही करून घेता आली असती. पण मानसीने ठरवून वडलांना सांगितलं.

मधुकर सावंत म्हणजे फ्रिज आणि एसीचे मेकॅनिक. तांब्याच्या नळ्या वाकवण्यात उभा जन्म गेलेला. मग अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात कमजोर झाला, आणि त्यांनी गाळ्याचं शटर ओढलं ते ओढलंच. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवायला हाक मारली तर "ठेव तिथे" म्हणायचे.

"त्यांना कशाला सांगतेस गं?" मानसीची आई सुगंधा दबक्या आवाजात म्हणाली. "नाही जमलं तर आता उठून बसतात तेवढंही बसणार नाहीत."

"आणि जमलं तर?" मानसी म्हणाली.

गाळा उघडला. मधुकररावांनी आधी एक मऊ तार घेतली आणि बंदुकीवर धरून, नळी जशी जायला हवी तशी वाकवली. हा झाला नमुना. मग मला कापलं, माझी कड घासली आणि वाकवायच्या आधी नट माझ्यावर चढवला. हे विसरलं की वाट लागते, कारण वाकलेल्या नळीवरून नट मागाहून सरकत नाही. ते विसरले नाहीत. पहिला बाक झकास आला. मला कौतुकाची फार हौस नाही, पण खरं सांगते, तेव्हा बरं वाटलं.

दुसऱ्या बाकाला हात थरथरला आणि नळी वाकवायच्या बेंडरचा दांडा पुढे गेला. जरासाच. पण माझं तोंड बंदुकीच्या भोकासमोर येईना, तांदळाच्या दाण्याएवढं बाजूला राहिलं. तांबं अशा वेळी सांभाळून घेतं. मी पडले स्टील. मला उलटं वाकवायला गेलं तर आतून चीर जाते.

मधुकररावांनी ते पाहिलं. शेजारी मानसी होती, दारात सुगंधा चहा घेऊन उभी होती. त्यांनी मला अंगठ्याने दाबून जागेवर आणलं, पान्याने नट आवळला आणि म्हणाले, "झाली बघ."

हवा गळते का ते बघायला साबणाचा फेस लावला, एकही बुडबुडा आला नाही. मधुकररावांनी बाजूच्या गाळ्यातल्या काशीरामला बोलावून मला दाखवलं. किती महिन्यांनी हसले असतील. सुगंधा पदराने डोळे पुसत होती. अंगावरचा ताण माझा मलाच ठाऊक. ओढून बसवलेली नळी गळत नाही की कुरकुरत नाही. प्रत्येक गोळ्याच्या धक्क्याने ती नटापाशी थोडी थोडी थकत जाते आणि एक दिवस तुटते. खेळणाऱ्याच्या डाव्या हाताची बोटं नेमकी तिथेच असतात.

पहिल्याच दिवशी खेळ संपल्यावर मानसीने बंदूक पुसायला घेतली आणि नट सैल केला. मी टक्कन बाजूला उडाले. तिने मला दाबून परत जागेवर आणलं, सोडलं. मी पुन्हा बाजूला. मेकॅनिकची पोर ती, काय कळायचं ते कळलं.

तिच्या संघातला ओजस तिथेच होता. "त्यांना सांगू नकोस ना यार," तो म्हणाला. "रबरी बसव परत. ते कुठे मैदानावर बघायला येणारेत?"

मानसीने मला खिशात टाकलं. घरापर्यंत तिचा हात खिशातच होता.

मधुकरराव दारातच उभे होते, दाढीबिढी करून. "काय गो, चालली काय नळी?"

नुसतं हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. मानसीने मला त्यांच्या हातावर ठेवलं. "बाबा, ही ओढून बसवली होतीत तुम्ही."

आत भांड्यांचा आवाज थांबला आणि सुगंधा दारात आली. मधुकरराव मला उलटसुलट करत राहिले.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघी एवढ्या खूश होतात." त्यांनी अंगठा नटापाशी नेला. "तुझी बोटं असतात गो तिथे. आणि मी नट आवळला."

ते वळले आणि आत गेले. सुगंधाने मानसीकडे पाहिलं. आता हे परत भिंतीकडे तोंड करणार, असं दोघींना वाटलं. मला तर खात्रीच होती.

"गाळ्याची किल्ली कुठे ठेवलीस?" आतून आवाज आला.

त्यानंतर माझ्या दोन बहिणी फुकट गेल्या. तिसरीला वेळ लागला, पण तिचं तोंड भोकासमोर आलं आणि नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला. मधुकररावांनी तो स्वतःच परत सैल केला आणि मानसीला म्हणाले, "तू बघ. हलते काय?"

ती हलली नाही. आजही तीच बंदुकीवर आहे. मधुकरराव रोज सकाळी गाळ्यावर येतात. काम सावकाश करतात आणि गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही नळ असतील, सायकली असतील, गॅसची नळी असेल. एखादी वस्तू जागेवर येत नसेल तर जोर करून बसवू नका. सोडवा, नीट पाहा, पुन्हा करा. बसवणारा आपल्याच माणसांपैकी असला की गप्प राहावंसं वाटतं. तेव्हा तर नक्की बोला. मानसी हो म्हणाली असती, तर तिच्या बोटांचं काय झालं असतं मला ठाऊक नाही. पण तिच्या बाबांनी पुन्हा कधी हत्यार हातात धरलं नसतं, कारण आपण काय करून ठेवलंय हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं आणि ते मनात दाबून त्यांना दुसरी नळी वाकवता आली नसती.