परतण्याची तारीख

लाँड्रीवाल्याच्या बायकोचा सौर अनुदानाचा अर्ज अखेर नामंजूर झाला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: अर्जदार दिलेल्या तारखेस परतल्या नाहीत.

वाचलंत? आता विसरून जा. असं काही झालेलंच नाही. अर्ज अजून विचाराधीन आहे, गच्चीवर रणरणतं ऊन आहे आणि लाँड्रीवाला बायकोचा फोन चार्जिंगला लावून कुणाच्या तरी कॉलरवर पाणी शिंपडतोय.

फोन बायकोचा असला तरी बायको नव्हती. चार महिन्यांपूर्वी तिला ताप आला, ती दवाखान्यात गेली आणि तिथूनच गेली. तिच्या पश्चात नवरा, आई, दोन इस्त्र्या आणि हा अर्ज असा परिवार आहे.

लाँड्रीवाला रडला नव्हता. रडायचं त्याच्या मनात होतं, पण आधी लग्नसराईचे कोट आले, मग शाळेचे गणवेश, आणि मग ते राहूनच गेलं. गिऱ्हाईक विचारायचं, "वहिनी दिसत नाहीत?" तो म्हणायचा, "आत्ता नाहीये." हे काही खोटं नव्हतं. गिऱ्हाईक आपला शर्ट घेऊन निघून जायचं. चार महिन्यांत त्याने याच्या पलीकडे कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं.

त्या सकाळी बायकोच्या फोनवर संदेश आला. "अभिनंदन! आपल्या सौर संचाची तपासणी आज होईल. अर्जदाराने पॅनलशेजारी स्वतः उपस्थित राहावे."

त्याने तो सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाई खिडकीशी बसून शर्टांना बटणं लावत होत्या. लेकीच्या दिवसकार्याला म्हणून आल्या त्या राहिल्याच. त्यांना जा म्हणायला कुणाला सुचलं नाही आणि राहा म्हणायलाही नाही.

"स्वतः म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"स्वतः म्हणजे तिने."

"मग कळवा त्यांना."

"काय कळवू?"

सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला. पुढचं बटण घेतलं.

ही सौरऊर्जा मुळात बायकोचं खूळ. विजेचं बिल इस्त्रीपेक्षा गरम यायला लागलं तेव्हा तिने घोषणा केली, "सूर्य फुकट आहे. निम्मे सरकार देणार. उरलेले निम्मे आपण घाम गाळून देऊ, आणि घाम तरी कोण काढतो? सूर्यच. म्हणजे सगळं त्याच्याच अंगावर." या हिशेबापुढे लाँड्रीवाल्याची बोलती बंद झाली. अडचण एकच होती. अनुदान फक्त घरगुती वापराला होतं, दुकानाला नाही. बायकोने त्याच दिवशी खालचं इस्त्रीचं टेबल उचलून वर झोपायच्या खोलीत आणलं. पलंग स्वयंपाकघरात गेला. धंदा घरगुती झाला.

गच्चीवर सहा पॅनल बसले. बसवणाऱ्याने, म्हणजे पॅनलवाल्याने, निम्मे पैसे रोख घेतले आणि निम्मे अनुदान आल्यावर घ्यायचं कबूल केलं. जाता जाता तो म्हणाला, "फक्त तपासणीला पॅनल एकदम चकाचक दिसले पाहिजेत हां, वहिनी."

आता हे लाँड्रीवालीला सांगायची गोष्ट होती का? धुतलेलं झाकून ठेवायचं, एवढा एकच धर्म त्या घरात पाळला जायचा. समोरच्या पिठाच्या गिरणीची भुकटी दिवसभर उडायची, कबुतरं होतीच. एक लॉज बंद पडला तेव्हा धुवायला येऊन राहिलेल्या बेवारस पांढऱ्या चादरी घेऊन बायको वर गेली आणि एकेका पॅनलला एकेक चादर घालून चारी कोपऱ्यांना चिमटे लावून आली. "तपासणी झाली की काढू," म्हणाली. संध्याकाळी तिला कणकण वाटायला लागली.

चादरी अजून तशाच होत्या.

दुपारी पॅनलवाला आधी आला. त्याचे निम्मे पैसे अडकले होते, त्यामुळे त्याला तपासणीचा कळवळा जास्त. दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेला आणि तिथेच खांबासारखा उभा राहिला.

"दादा, हे काय?"

"पॅनल."

"पॅनल झोपलेत का? चार महिने? अहो, एवढ्या उन्हात अख्ख्या गल्लीचे पापड वाळले असते, आणि तुम्ही सूर्याला चादर दाखवताय?"

"तू म्हणालास चकाचक पाहिजेत."

पॅनलवाल्याने कपाळाला हात लावला आणि दुसरा हात पहिल्या चिमट्याकडे नेला.

"राहू दे," लाँड्रीवाला म्हणाला.

"अहो, वीज कशी—"

"चिमटे तिने लावलेत."

आवाज चढला नव्हता. दोनशे शर्ट उद्या मिळतील हे सांगावं तसाच होता. पण पॅनलवाल्याने हात खिशात घातला. वहिनींचं त्याने समोरच्या गिरणीत ऐकलं होतं.

"बरं," तो शेवटी म्हणाला, "चादरींचं राहू द्या. पण माणूस तर दाखवावा लागेल. वहिनी गेल्या म्हणून सांगितलंत तर अर्ज बाद. नवा करायचा तर तो नव्या योजनेत जाणार, आणि नव्या योजनेत अनुदान म्हणजे नुसतं अभिनंदन. अनुदान धरून पॅनलचा खर्च सात वर्षांत फिटतो. त्याच्याशिवाय पंधरा. आणि मला पंधरा वर्षं थांबता येत नाही, दादा. पैसे नाही आले तर मला तीन पॅनल सोडवून न्यावे लागतील. तीनवर दोन इस्त्र्या चालायच्या नाहीत."

"मग?"

पॅनलवाल्याने जिन्याकडे बघितलं. सासूबाई धापा टाकत वर येत होत्या.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही वहिनी होता का? पाच मिनिटं."

सासूबाईंनी विचार केला. "तोंड तिने माझंच घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ परत घेतलं तर काय बिघडलं?"

तपासनीस बाई आल्या त्या छत्री उघडूनच. त्यांना उन्हाची ॲलर्जी होती. सौर विभागात बदली होऊन दोन वर्षं झाली होती. बदलीचा अर्जही दोन वर्षं विचाराधीन होता. चेहऱ्यावर पांढरं मलम फासून त्या रोज लोकांच्या गच्च्यांवर जात.

खोलीतून जाताना त्या थबकल्या. टेबलावर, खुर्च्यांवर, दारामागे, जिथे खिळा तिथे शर्ट.

"घरगुती वापर ना?"

"हो," लाँड्रीवाला म्हणाला.

"घरात माणसं किती?"

"दोन."

"आणि शर्ट?"

"जावयाला घाम फार येतो," सासूबाई म्हणाल्या. पॅनलवाला खोकला. आजी आता सासू नव्हत्या, बायको होत्या. पण तपासनीस बाईंचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

गच्चीवर त्यांनी सहा पांढऱ्या चौकोनांकडे पाहिलं. मीटरकडे पाहिलं.

"शून्य?"

"मॅडम, शून्य म्हणजे मीटर कोरा असल्याची खूण," पॅनलवाला म्हणाला. "वापरलेला मीटर आम्ही बसवतच नाही."

बाईंनी छत्रीच्या टोकाने एका चादरीची कड उचलली, खाली काळी काच दिसली, त्यांनी फोटो काढला आणि कड पुन्हा नीट सोडली. चिमटे जागच्या जागी राहिले. लाँड्रीवाल्याला या बाई एकदम बऱ्या वाटल्या.

"अर्जदार पुढे या. डोळे मिचकावा."

सासूबाई पॅनलशेजारी उभ्या राहिल्या. ऊन तोंडावर होतं. डोळे न मिचकावणंच अवघड होतं. ॲपने चक्र फिरवलं, फिरवलं, आणि हिरवी खूण दाखवली. ओळख पटली. अर्जदार हयात आहे.

"झालं," बाई म्हणाल्या.

लाँड्रीवाला त्या हिरव्या खुणेकडे बघत होता. दवाखान्यातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना जे जमलं नाही ते सरकारने दोन डोळे मिचकावून करून दाखवलं होतं. त्याला काहीतरी वाटायला हवं होतं. त्याने थोडं थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. ऊन तेवढं लागत होतं.

"एक राहिलं, तोंडी विचारायचं असतं. अर्जदाराचं नाव?"

"मीच ठेवलं," सासूबाई म्हणाल्या.

पॅनलवाला आकाशात विमान शोधायला लागला.

"वडलांना दुसरं हवं होतं," सासूबाई पुढे म्हणाल्या, "पण मी ऐकलं नाही. म्हटलं, नऊ महिने मी बाळगली, नाव मीच ठेवणार." आणि त्या पॅनलच्या कडेला टेकल्या. चादरीची घडी पडू नये म्हणून आधी हाताने सारखी केली, मग टेकल्या.

तपासनीस बाईंनी हिरवी खूण पुसून टाकली. ओरडल्या नाहीत. छत्री तेवढी थोडी सासूबाईंच्या अंगावर कलती केली.

"मग अर्जदार कुठे आहेत?" त्यांनी लाँड्रीवाल्याला विचारलं.

"आत्ता नाहीये."

"कधी येणार?"

हा प्रश्न आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. लाँड्रीवाल्याने तोंड उघडलं. उत्तर अगदी सोपं होतं, ते त्याच्या जिभेवर आलं, तिथे थोडं बसलं आणि परत आत गेलं.

बाई समजल्या. लोकांच्या गच्च्यांवर माणसाला बरंच समजतं. त्यांनी ॲपमध्ये "अर्जदार अनुपस्थित" दाबलं. खाली तीन कारणं उघडली: आजारी, बाहेरगावी, इतर.

"ते कारण यात नाहीच," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "इतर दाबलं तर फाइल लगेच बंद होते. आजारी म्हणू?"

"आजारी नाहीये आता," लाँड्रीवाला म्हणाला.

"मग बाहेरगावी टाकते. पण परतण्याची तारीख द्यावी लागेल. तिच्याशिवाय पुढे जात नाही."

"मोकळी नाही ठेवता येणार?"

"नाही. लाल होतं."

"शेवटची कुठली आहे?"

बाईंनी बोटाने महिने सरकवले. योजना ज्या दिवशी संपत होती त्या दिवसापर्यंतच महिने होते. त्यापुढे नुसते करडे चौकोन.

"ही."

"ती द्या."

बाईंनी ती दिली.

त्या गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कुठली तारीख दिलीत, जावईबापू?"

त्याने सांगितली.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बटणं लावायला बसल्या.

पुढे कुणी तो विषय काढला नाही. पण तो महिना लागला तशी सासूबाईंनी जिना धुऊन काढला. लाँड्रीवाल्याने बायकोची इस्त्री घासूनपुसून तिच्या जागेवर ठेवली, वायर तिला आवडायची तशी गुंडाळून. एके दिवशी सासूबाईंनी आपण होऊन पलंग स्वयंपाकघरातून परत खोलीत आणायला लावला. टेबल भिंतीला सरकलं. पलंगाला वाट काढायची तर शर्ट कुठे लावायचे, असं त्याने विचारलं नाही.

ती तारीख उजाडली. दोघं लवकर उठली. दुकान उघडलं नाही. सासूबाई खिडकीशी बसल्या, पण हातात सुई नव्हती. खाली जिन्यात पाऊल वाजलं की दोघं एकदम दुसरीकडे बघायची.

ऊन तापल्यावर पॅनलवाला आला. पाने-पक्कड आणि दोर घेऊन आला होता. दारातच उभा राहिला.

"दादा, तुम्ही नाही म्हणालात तर आज जातो. उद्या येईन."

"नको," लाँड्रीवाला म्हणाला. "चल."

चिमटे त्याने स्वतः काढले. उन्हाने पिवळे पडले होते, एक तर हातातच मोडला. त्याचेही दोन्ही तुकडे त्याने खिशात टाकले. मग चादरी काढल्या. खाली पॅनल कोरे करकरीत होते, पिठाचा एक कण नाही, कबुतराचं एक बोट नाही. सहाही पॅनलमध्ये लाँड्रीवाला उलटा दिसत होता.

"आईशप्पथ," पॅनलवाला हळूच म्हणाला, "असे चकाचक मी कधी बघितले नाहीत."

तीन त्याने सोडवून नेले. उरलेले तीन मुकाट्याने वीज करायला लागले. लाँड्रीवाल्याने त्या विजेवर पहिल्यांदा त्या सहा चादरींना इस्त्री केली. तीन पॅनलमध्ये एकच इस्त्री भागते. घरात इस्त्री करणारं माणूसही आता एकच होतं. बायकोच्या हिशेबासारखा हाही हिशेब तंतोतंत बसला.

संध्याकाळी अर्ज नामंजूर झाल्याचा संदेश बायकोच्या फोनवर आला. हे आपण वर विसरलो होतो, पण आलाच. लाँड्रीवाला बराच वेळ तो घेऊन बसला. मग त्याने सासूबाईंकडून पेन मागून घेतलं आणि कार्यालयाला लिहायला बसला.

"विषय: अर्जदाराच्या परतण्याच्या तारखेस मुदतवाढ मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, अर्जदार ही माझी पत्नी असून ती दिलेल्या तारखेस काही अपरिहार्य कारणाने परतू शकली नाही. जागेवर अर्जदाराची वाट पाहणारी दोन माणसे उपलब्ध आहेत. अनुदानाबद्दल माझी तक्रार नाही, ते नव्या योजनेत वळते केले तरी चालेल. तरी कृपा करून आपल्या कॅलेंडरमधील करडे चौकोन उघडून परतण्याची नवीन तारीख द्यावी, व ती आपल्या सोयीने कितीही लांबची असली तरी हरकत नाही, ही नम्र विनंती.

सोबत: चिमटे. पैकी एक मोडका."