खंडेनवमीचा कम्प्युटर

खेमराज शेठजींच्या बंदुकांच्या कारखान्यात खंडेनवमीला लेथपासून पान्ह्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. यंदा शेठजींच्या भक्तीला भरतं आलं आणि गिऱ्हाइकांची यादी असलेला कम्प्युटरही पाटावर बसला. त्याला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. स्क्रीनखाली पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती, तिलाही अक्षता मिळाल्या. यादी सांभाळणारी रत्नमाला तिथे चौदा वर्षं नोकरीला होती. चिठ्ठी काढून ठेवते म्हणाली, तर शेठजींनी डोळे वटारले. मग त्यांनी फोटो काढून कंपनीच्या फेसबुकवर टाकला. चिठ्ठी त्यात लख्ख दिसत होती.

दुपारी प्रसाद वाटताना रत्नमालाचं स्क्रीनकडे लक्ष गेलं. माऊसला कोणाचा हात नसताना बाण फिरत होता, यादीच्या फायली कुठेतरी निघाल्या होत्या. ती धावली. शेठजींनी हात आडवा घातला.

"पूजेतल्या हत्याराले दसऱ्यापर्यंत हात लावत नसतेत, बाई. कायले घाई करून राहिल्या?"

चोरी होतेय, असं तिने सांगितलं. देव पाहून घेईल, असं शेठजी म्हणाले. देवाने पाहिलं असेलच, अडवलं मात्र नाही.

दसऱ्याला यादी इंटरनेटवर झळकली. अकराशे गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन, कोणाकडे कोणती बंदूक, सगळं. चोरणाऱ्या टोळीने सोबत जाहीरनामा जोडला होता. ही कंपनी परदेशातल्या एका जुलमी सरकारला बंदुका विकते, म्हणून युद्धाच्या व्यापाऱ्यांना हा धडा. विचार मोठा थोर. पण शेठजींच्या बंगल्यावर दोन पहारेकरी आणि तीन कुत्री, त्यांना कोण धडा देतो? तो मिळाला अड्याळ गावच्या धुरपताबाईला. रानडुकरांपासून धान राखायला या एकट्या विधवेने रीतसर परवाना काढून बंदूक घेतली होती. यादी वाचून आलेल्या चोरट्यांनी भरदिवसा तिचं घर फोडलं, बंदूक नेली, आडवी आली म्हणून तिचा हात मोडला. जगाला निःशस्त्र करायला निघालेल्या वीरांनी सुरुवात तिच्यापासून केली. आग लागो असल्या क्रांतीला.

रत्नमाला तिला दवाखान्यात भेटून आली.

सायबर पोलीस चौकशीला येणार म्हटल्यावर शेठजींचा देव बाजूला पडला. त्यांनी रत्नमालापुढे टाईप केलेला कागद सरकवला. पासवर्ड माझ्या हलगर्जीपणामुळे फुटला, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर महिनाभर सुट्टी, मग पुन्हा कामावर. नाही केली तर नोकरी गेलीच, शिवाय तुमच्या वस्तीतले लोक मोर्चात दिसतात, पोलिसांना तुमचं नाव आपोआप सुचेल, असं ते अगदी गोड आवाजात म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा! बौद्ध बाईवर ढकललं की कोणी विचारत नाही, हे त्यांचं गणित तिला कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला खंडेनवमीची हकीकत लिहून काढली. चिठ्ठी, फोटो, आडवा हात, काही म्हणता काही सोडलं नाही. शेठजी मागे उभं राहून वाचत होते, घाम पुसत होते.

"मी तं बुडलोच, बाई," ते म्हणाले. "पण तुमी त्या दिवशी काय केलं, तेही लिहा ना."

रत्नमालाचा पेन थांबला. कम्प्युटरची वीज तोडणारं भिंतीवरचं बटन त्या दुपारी तिच्यापासून चार पावलांवर होतं. नोकरीच्या भीतीने तिने हात जोडले, शिरा घेतला आणि यादी पूर्ण जाईपर्यंत उभी राहिली. शेठजींना मनातल्या मनात शिव्या घालताना ही गोष्ट तिने स्वतःपासूनही लपवली होती. तिला स्वतःची लाज वाटली. धुरपताबाईचा प्लास्टरमधला हात डोळ्यांपुढून हलेना.

तिने शेवटची ओळ लिहिली : बटन बंद करता येत होतं, मी केलं नाही. खाली सही केली.

"बुडायचं तं दोघंही बुडू, शेठजी," ती म्हणाली आणि कागद घेऊन पोलीस ठाण्याकडे निघाली.