मंगळाच्या वकिलाचा अडकित्ता

गुरुवारी सकाळी हैदराबादला कोठीच्या चौकात पेपरवाल्याच्या फळीपाशी उभ्या उभ्याच केशवरावांनी साप्ताहिकाचा ताजा अंक उघडला आणि पैसे द्यायचे विसरले. आत त्यांचीच गोष्ट छापली होती. पण त्यांनी लिहिली होती तशी नव्हती.

केशवराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. दिवसभर दुसऱ्यांच्या सहीची पत्रं लिहायची आणि सकाळी अंघोळीआधी तासभर बसून 'भ्रमर' या टोपणनावानं आकाशातल्या गोष्टी लिहायच्या, असा त्यांचा चार महिन्यांचा गुपचूप उद्योग होता. गोष्टीचं नाव 'मंगळाचा वकील'. वकील म्हणजे काळ्या कोटातला नव्हे. पेशव्यांचा वकील निजामाच्या दरबारी असायचा ना, तसला. मंगळावरून घोरंग नावाचा वकील पृथ्वीशी तह करायला येतो. कमरेला तीन तलवारी, तोंडात धमकीशिवाय दुसरी भाषा नाही. आणि त्याच्यासमोर पृथ्वीचा वकील बसलेला, गरीब गाईसारखा मान डोलावत.

हैदराबादेतली मराठी मंडळी ही गोष्ट चवीनं वाचत होती. छप्पन सालचा दसरा नुकताच झाला होता. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते, आणि कोण मुंबईकडे, कोण म्हैसूरकडे, कोण इथंच, याच्या याद्या कचेऱ्याकचेऱ्यांत लागत होत्या. वाटणीच्या दिवसांत वाटणीची गोष्ट कुणाला गोड लागत नाही? केशवरावांच्या पत्नी सावित्रीबाईंना तेवढी ती आवडत नव्हती. "घरात लग्नाची मुलगी," त्या नवऱ्याला म्हणायच्या, "आणि तुम्ही मंगळ कशाला उकरून काढता?"

आजच्या प्रकरणात घोरंगानं तलवारी काढून ठेवल्या होत्या. त्याऐवजी त्यानं कमरेचा पितळी अडकित्ता काढला होता. दर अटीला तो एक सुपारी कातरत होता, डोळे अर्धे मिटत होता आणि म्हणत होता, "आमच्याकडं असं चालत नाही."

यातलं एक अक्षरही केशवरावांनी लिहिलं नव्हतं. पण तो अडकित्ता कुणाचा, ते डोळे कुणाचे, ते वाक्य कुणाचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे सगळं हिम्मतरावांचं होतं. आणि येत्या रविवारी, आजपासून तिसऱ्या दिवशी, हेच हिम्मतराव त्यांच्या घरी मुलीच्या, भामाच्या लग्नाची सुपारी फोडायला येणार होते.

हिम्मतराव म्हणजे मुलाचे काका. जन्म गेला करोडगिरीच्या नाक्यावर. येणारी प्रत्येक गाडी अडवायची, पोती उघडायला लावायची आणि जकात घेतल्याशिवाय पुढं सोडायची नाही. करोडगिरी खातं गेलं, नाका गेला, पण अडवायची सवय राहिली. भाऊ वारल्यावर पुतण्या मुकुंदला त्यांनीच वाढवलं. मुकुंद सरळ स्वभावाचा, सरकारी नोकरीतला मुलगा. त्याचं नाव मुंबईच्या यादीत आलं होतं. बोलणीच्या चार बैठका झाल्या होत्या आणि चारही बैठकांत हिम्मतराव बोलले होते व केशवरावांनी मान डोलावली होती. आता फक्त सुपारी फुटायची राहिली होती. एकदा ती फुटली की शब्द मोडायचा नाही, अशी त्यांच्यातली रीत. फुटेपर्यंत मात्र कुणीही उठून जाऊ शकतं. आणि हिमायतनगरच्या त्यांच्या घरी हेच साप्ताहिक दर गुरुवारी संध्याकाळी मोठ्यानं वाचलं जातं, हे त्यांनीच कौतुकानं सांगितलं होतं.

केशवराव घामाघूम होत गल्लीतल्या छापखान्यात गेले. खिळे जुळवणारा दत्तोबा चहा बशीत ओतत होता.

"दत्तोबा, माझ्या मजकुरात हात कुणी घातला?"

"हम कायको घालेंगे साहेब?" दत्तोबानं बशी खाली ठेवली. "इतकं परेशान नका होऊ. तुमचा कागद ठेवलाय ना मी. बघून घ्या."

कागदावर भामाचं अक्षर होतं. केशवराव लहानपणापासून मोडीत लिहीत. छापखान्यात मोडी कुणाला वाचता येईना, म्हणून भामा त्यांचा मजकूर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून द्यायची. त्यांनीच तिला मोडी शिकवली होती. अडकित्ता, डोळे, वाक्य, सगळं तिच्या गोल अक्षरात, एकही खाडाखोड नसलेलं. तिला हे लग्न नको आहे, अशी भीती त्यांच्या मनात उभी राहिली आणि दिवसभर कचेरीत ती हलली नाही.

संध्याकाळी सावित्रीबाई शेजारी गेल्याचं बघून ते भामाजवळ गेले. भामा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. खिडकीशी वही घेऊन बसली होती.

"हे तू लिहिलंस?"

"हो, नाना."

"का? लग्न मोडायचंय का तुला?"

"नाही." तिनं वही मिटली. "मुलात काही खोट नाही. मला मोडायचं नाहीये."

"मग त्याच्या काकांची अशी टिंगल?"

"तलवारी तुमच्या होत्या, पण अटी त्यांच्याच होत्या, नाना. 'पृथ्वीनं आपली ग्रंथशाळा बंद करावी', हे कलम मी नाही घातलं. ते तुमच्या मोडीतच होतं. त्यावर पृथ्वीचा वकील काय म्हणाला? 'जशी आपली मर्जी.' मागच्या बैठकीत ते माझं कॉलेज बंद करा म्हणाले, तेव्हा तुम्ही हेच म्हणालात. मी आतून ऐकलं."

बैठकीतली हार आपण कागदावर उतरवत होतो, हे केशवरावांना आजवर उमगलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा धास्ती जास्त वाटली.

"अडकित्ता मी घातला," भामा म्हणाली. "तुम्हाला दिसावं म्हणून. सगळे वाचतात हे विसरले, ते चुकलंच माझं. मला मार्चची परीक्षा तेवढी देऊ द्या. मग मुंबईला काय, मंगळावर जाईन. नाना, एकदा तरी नाही म्हणा."

ती असं म्हणाली खरं. पण ज्या माणसानं साहेबाला, बायकोला, घरमालकाला, भाजीवाल्यालासुद्धा कधी नाही म्हटलं नाही, त्यानं ते तीन दिवसांत शिकायचं कुठून? शुक्रवारी त्यांना जेवण गेलं नाही. शनिवारी दारावर थाप पडली की हिमायतनगरहून नकार आला असंच वाटे. दूधवाला असायचा.

रविवारी दहाच्या सुमाराला हिम्मतराव आले. मागं मुकुंद आणि दोन वडीलधारे पाहुणे. हिम्मतरावांनी गादीवर बसून काठी आडवी ठेवली, पितळी अडकित्ता काढला, आणि बगलेतला अंक काढून शेजारी ठेवला. केशवरावांना त्यानंतर त्या खोलीत दुसरं काही दिसेना.

केशवरावांचं अक्षर चांगलं, म्हणून लग्नाच्या अटींची यादी त्यांनीच लिहायची होती. कागदाला कुंकू लावलं. हिम्मतराव सांगत गेले, केशवराव लिहीत गेले. लग्न तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या मुहूर्ताला. लिहिलं. वऱ्हाड दोनशे माणसांचं. लिहिलं. जेवणाची पहिली पंगत मुलाकडची. तेही लिहिलं.

"आता शेवटचं," हिम्मतरावांनी अडकित्त्यात सुपारी धरली. "मुलीचं कॉलेज दिवाळीपासून बंद. मुकुंद तिकडं खानावळीत जेवणार नाही. आमच्याकडं असं चालत नाही. लिहा."

केशवरावांचा टाक कागदापासून दोन बोटं वर थांबला.

"का हो? इतकं लिहिता तुम्ही, आणि एवढं लिहवत नाही?" हिम्मतरावांनी अंक उचलला. "हा भ्रमर कोण, मालूम आहे मला. प्रेसमधून खबर काढली मी. घरातली पोरं मला घोरंगकाका म्हणायला लागलीत, केशवराव. मी सुपारी कातरली की सून पदर तोंडाला लावते. माझ्यासमोर बसून, मला न्याहाळून लिहिलंय हे. तुमच्या तोंडून ऐकू दे, कुणी लिहिलं?"

दारात चहाचं तबक घेऊन भामा उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "काका, ते मी..."

"मी लिहिलं," केशवराव म्हणाले.

त्यांचा आवाज चिरकला. पण एकदा तोंड उघडलं होतं, आता मिटलं तर पुन्हा उघडायचं नाही हे त्यांना कळत होतं.

"मीच लिहिलं. आपला अपमान झाला, त्याची माफी मागतो. पण हे कलम मी लिहिणार नाही. परीक्षा मार्चमध्ये आहे. ती देईल, मग जाईल."

हिम्मतरावांनी अडकित्ता दाबला. तेव्हा केशवरावांना दिसलं की त्यांचा हात थरथरतो आहे. पातं घसरलं, सुपारी सुटली आणि सतरंजीवरून घरंगळत मुकुंदच्या गुडघ्याशी जाऊन थांबली. मुकुंदनं ती उचलून काकांसमोर पानाच्या तबकात ठेवली. काकांनी ती अखंड सुपारी खिशात टाकली आणि काठी घेतली.

"पुढचा अंक वाचून कळवतो," ते म्हणाले.

'कळवतो' म्हणजे नकार, हे लग्नाच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. पण 'पुढचा अंक वाचून' कळवण्याची तऱ्हा आजवर कुणी ऐकली नव्हती. पाहुणे गेल्यावर सावित्रीबाईंनी चहाचे भरलेले कप तसेच मोरीत ओतले. "झाली हौस?" त्या रडत म्हणाल्या. "आता द्या मुलगी मंगळावर." भामा खाली मान घालून कप विसळत राहिली, आणि केशवरावांना तेच जास्त लागलं. नाही म्हटल्यावर मोकळं वाटतं असं ते ऐकून होते. त्यांना तसं काहीच वाटत नव्हतं.

मंगळवारी सकाळी मजकूर छापखान्यात पोचायला हवा होता. रविवारी दुपारी ते लिहायला बसले. एका मसुद्यात पृथ्वीनं घोरंगाला पळवून लावलं, तो फाडला. दुसऱ्यात पृथ्वीनं ग्रंथशाळा बंद केली. तो फाडून चुलीत घातला. सोमवारी कचेरीत गेले तर तिथं निम्म्या टेबलांवरच्या फायली दोरीनं बांधून मुंबईला जायला तयार होत्या. त्या बघता बघता त्यांना हिम्मतरावांचा हात आठवला.

नाका गेला. ज्या राज्याची चाकरी केली ते राज्य दहा दिवसांत जाणार. आणि तळहाताच्या फोडासारखा वाढवलेला पोरगा पहिल्या तारखेला गाडीत बसणार. घरात माणसं असतील, पण मुकुंद नसेल. म्हातारा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. चार बैठका समोर बसून, न्याहाळून, केशवरावांना एवढं दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची भीती तेवढी दिसत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी अठरावं प्रकरण एका बैठकीत लिहून काढलं. पृथ्वीचा वकील म्हणाला, ग्रंथशाळा बंद होणार नाही. घोरंगानं सुपारी धरली, पण त्याचा हात थरथरला. तेव्हा पृथ्वीचा वकील उठला, त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "द्या इकडं, मी धरतो, तुम्ही दाबा. तुमचे लोक दूर चालले आहेत, आम्हाला ठाऊक आहे. फाल्गुनापर्यंत आमची मुलगी इथंच आहे. दर गुरुवारी ती तुमच्याकडे येईल आणि तुम्हाला वाचून दाखवील."

मोडीतला कागद त्यांनी भामापुढं ठेवला. "गुरुवारचं तुझ्या वतीनं लिहिलंय. नको असेल तर काढ."

भामानं तो बाळबोधीत उतरवला. या खेपेला केशवरावांनी ओळीला ओळ लावून तपासलं. तिनं एक अक्षर बदललं नव्हतं.

गुरुवारी अंक निघाला. गुरुवारची संध्याकाळ तशीच गेली. शुक्रवारी सकाळी केशवराव कचेरीला निघणार तोच मुकुंद सायकल लावून दारात उभा राहिला. आत यायलाही तो संकोचला. त्यानं खिशातून बांधलेला रुमाल काढून केशवरावांच्या हातात दिला.

रुमालात फोडलेली सुपारी होती. तिचे तीन तुकडे झाले होते, एक मोठा आणि दोन बारके, कडा चेचलेल्या; पातं दोनदा तरी घसरलं असावं. सोबत मोडीतली चिठ्ठी होती. केशवरावांनी ती आधी मनात वाचली. मग सावित्रीबाई आणि भामा दोघीही आतून डोकावत होत्या म्हणून मोठ्यानं वाचली.

"कलमे मान्य. गुरुवार पक्का, वेळ पाच. एक दुरुस्ती करणे : वकिलाचा हात थरथरत नाही. पुढील अंकी छापावे."

सावित्रीबाई तुकडे घेऊन देवापुढं ठेवायला गेल्या. भामा भिंतीकडे तोंड करून रडत होती की हसत होती, ते मुकुंदला कळेना, आणि विचारायची सोयही नव्हती.

मंगळवारी केशवरावांनी दुरुस्ती दत्तोबाकडे छापायला दिली.