ठकीचे दात

"हिला भूक नाही असं कोण म्हणालं तुम्हाला, काका?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठकी मांजरीचा ओठ अंगठ्याने हळूच वर सरकवला. "भूक आहे. चावता येत नाहीये बिचारीला."

कवळीवाल्याने वाकून पाहिलं. हिरड्या लालभडक, मागच्या दाढांवर पिवळट, टणक थर. त्या भागातली निम्मी म्हातारी मंडळी त्याने बनवलेल्या दातांनी जेवत होती. हे काय आहे ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बायको गेल्यावर काही दिवसांनी मांजरीचं खाणं कमी होत गेलं होतं. ठकी बशीपाशी यायची, घास तोंडात घेऊन तसाच खाली टाकायची आणि बायकोच्या खुर्चीखाली जाऊन बसायची. "मुकं जनावर, पण माया बघा," असं म्हणून शेजारणीने डोळे पुसले होते. त्यालाही ते पटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. भेटायला आलेली माणसं केव्हाच आपापल्या कामाला लागली होती. त्याच्याइतकंच दुःख करणारं निदान एक कुणीतरी घरात होतं. तोही अर्धवट ताट बाजूला सारून तिच्याशेजारी जमिनीवर बसायचा. "राहू दे गं," म्हणायचा, "मलाही नाही जात."

"दात घासत होतात का हिचे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती घासायची. आमची ही. मी हसायचो तिला."

ठकीला जुन्या टॉवेलात गुंडाळायचं, बोटावर इवलासा ब्रश चढवायचा, त्यावर मांजरांची वेगळी पेस्ट. रोजचा सोहळा. "उद्या माझ्याकडून कवळीसुद्धा करून घेशील हिला," तो चिडवायचा. ती मान वर न करता म्हणायची, "तुमच्या दारात यायची पाळी येऊ नये, म्हणूनच घासतेय."

तो ब्रश अजून बेसिनवरच्या पेल्यात होता. तिची वस्तू म्हणून त्याने त्याला हातही लावला नव्हता.

"वाचेल ना ही?"

"वाचेल की. दोन दाढा मात्र काढाव्या लागतील. बाकीचे दात टिकवणं तुमच्या हातात."

हिरड्या भरून आल्यावर त्याने टॉवेल काढला, ब्रश बोटावर चढवला. ठकीने आधी पंजा मारला, मग टॉवेलाचा वास घेतला आणि निमूट पडून राहिली. "असंच ना गं?" त्याने विचारलं. ते मांजरीला नव्हतं.

ब्रश धुऊन त्याने परत पेल्यात ठेवला आणि बशी उचलायला गेला. ठकीने ती चाटूनपुसून लख्ख केली होती. आता खिडकीतल्या उन्हात ती पाय ताणून निवांत झोपली होती. त्याला आनंद झाला, नाही असं नाही. पण बशी हातात घेऊन तो बायकोच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. खुर्चीखाली आता कुणी नव्हतं.