शेपूट येईपर्यंत

आमच्या थॉर्नबेक पदभ्रमण मंडळात सगळ्यात पुढे चालतो तो म्होरक्या आणि सगळ्यात मागे राहतं ते शेपूट. म्होरक्याच्या पुढे कुणी जायचं नाही, शेपटाच्या मागे कुणी रेंगाळायचं नाही. वाट फुटली की म्होरक्याने थांबायचं आणि शेपूट नजरेला पडलं की निघायचं. आणि म्होरक्या चुकला तरी त्याला चुकला म्हणायचं नाही. हा शेवटचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण काटेकोर पाळला जातो तो हाच.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीची भटकंती विल्फची. आमच्या गुडघ्यांना आवाज नव्हते तेव्हापासून तोच म्होरक्या आणि त्याची बायको मॉइरा शेपूट. या मार्चमध्ये मॉइरा गेली. ऑगस्टच्या सुट्टीतल्या भटकंतीत विल्फ प्रत्येक फाट्यावर खांबासारखा उभा राहिला. नवं शेपूट दिसलं तरी हलेना. ते पार शेजारी येऊन टेकलं, तेव्हा कुठे त्याने पाऊल उचललं. झालं, मंडळात कुजबुज सुरू. म्हणे विल्फला वाट कधी माहीतच नव्हती, मॉइरा मागून येऊन सांगायची.

आमचे अध्यक्ष डेस्मंड. यांच्या गळ्यात कायम फोन लटकलेला, त्यावर आख्ख्या यॉर्कशरचे नकाशे. चहाच्या वेळी ते विल्फला म्हणाले, "हे बघ विल्फ, मनाला लावून घेऊ नकोस. पण यंदा नाताळात वाट चुकली, तर पुढच्या वर्षीपासून मी नेईन."

"बरं," विल्फ म्हणाला. त्याने आणखी एक बिस्कीट उचललं आणि खाल्लं नाही.

मला डेस्मंडचा संताप आला. विल्फचा मुलगा कॅनडात. रिकाम्या घरात नाताळचा दिवस कसा जातो, ते माझा नवरा गेल्यापासून मला पुरतं ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी बूट चढवायचे असतात, म्हणून पहिला दिवस निभतो. तेवढंही या माणसाकडून काढून घ्यायचं? मी हात वर केला. "यंदा शेपूट मी."

"बेरिल, तू? तू तर कायम मधे असतेस, गप्पा मारत," डेस्मंड म्हणाले.

"मागेही गप्पा मारता येतात," मी म्हणाले.

माझा बेत साधा होता. फाटा आला की जवळ जायचं आणि काठीचं टोक बरोबर दिशेला हळूच वळवायचं. विल्फची अब्रूही राहील आणि डेस्मंडची जिरेल.

चर्चच्या भिंतीपाशी सगळे जमले. जो तो नाताळची भेट अंगावर घालून आला होता, त्यामुळे आमचा घोळका लोकरीच्या दुकानासारखा दिसत होता. पहिल्या फाट्यावर विल्फ थांबला. मी पोचले, काठी डावीकडे झुकवली. त्याने काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि डावीकडे निघाला. दुसऱ्या फाट्यावरही तेच. मला स्वतःचं भारी कौतुक वाटायला लागलं.

तिसरा फाटा माळावर, मेंढ्यांच्या पडक्या कोंडवाड्यापाशी. धुकं उतरलं होतं. विल्फ उभा. मी धापा टाकत पोचले आणि तिथे माझ्या लक्षात आलं की इथून कुठे जायचं याचा मला पत्ता नाही. इतकी वर्षं मी शेजारून चालणाऱ्या हिल्डाकडून तिच्या सुनेबद्दल ऐकत चालले होते, वाटेकडे बघितलंच नव्हतं. आता माघार कशी घेणार? मी काठी उजवीकडे केली.

या वेळी तो काठीकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. "उजवीकडे?"

"उजवीकडे," मी ठामपणे म्हणाले.

"बरं."

पुढे दलदल होती. पुढचे सगळे नेहमीची वाट झोपेतही चालले असते. आपण चुकलोय, हे प्रत्येकाला कळलं होतं. म्हटलं मात्र कुणी नाही.

"यंदा जरा वेगळं काढलंय," पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा असलेला नॉर्मन म्हणाला.

"हो ना. बदल बरा असतो अधूनमधून," हिल्डा म्हणाली. तिने पाय वर काढला, तर नुसता मोजाच वर आला. "बूट राहिला वाटतं."

"राहू दे गं. दुसरा आहे ना?"

शेवटी एक दगडी भिंत आडवी आली. पलीकडे बैल होता आणि त्याला आमचं येणं आवडलं नव्हतं. डेस्मंडनी फोन वर धरला. "आपला जेवणाचा पब मागे राहिलाय," ते म्हणाले, "आणि त्यांचं स्वयंपाकघर दोनला बंद होतं. विल्फ, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," विल्फ म्हणाला.

सगळे भिंतीच्या आडोशाला डबे उघडून बसले. मी विल्फच्या शेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात त्याला झापलं. "वाट माहीत नव्हती तर सरळ विचारायचंस ना रे."

"माहीत होती."

"काय?"

"डावीकडची. डोळे बांधून जाईन मी."

"मग या चिखलात का शिरलास?"

"तू उजवीकडे म्हणालीस." त्याने थर्मासचं झाकण फिरवलं. "चारचौघांत तुला चूक म्हणू?"

मी त्याला सांभाळत होते म्हणे. "मग फाट्या-फाट्यावर उभा का राहतोस?"

त्याने चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. "मी पुढे, ती मागे. दिवसभरात आमची गाठ पडायची ती फाट्यावरच. ती यायची, 'दमलास का रे म्हाताऱ्या?' म्हणायची, की मी निघायचो." थर्मास बंद करत तो म्हणाला, "आता शेपूट येताना दिसलं की पाय उचलत नाहीत. पूर्ण येऊ दे, असं वाटतं."

मला रडू आलं, पण आमच्यात ते सँडविच खाताना करत नाहीत. मी उभी राहिले. "डेस्मंड, वाट मी चुकवली. विल्फला बरोबर माहीत होती. मी चुकीची दाखवली आणि त्याने माझा मान राखला."

इतकं उघड बोलणं मंडळात पूर्वी झालं नव्हतं. सगळे आपापल्या सँडविचमध्ये नाताळची उरलेली टर्की शोधू लागले. "धुकं निवळतंय वाटतं," नॉर्मन म्हणाला. ते निवळत नव्हतं.

"वाट दाखवणं शेपटाचं काम नाही," डेस्मंड म्हणाले.

"नाही. आणि म्होरक्या बदलणं अध्यक्षाचंही नाही."

डेस्मंडनी फोनकडे पाहिलं, मग हिल्डाच्या मोज्याकडे. फोन कोटाच्या आत सरकवला. "विल्फ," ते म्हणाले, "पुढे हो."

विल्फने आम्हाला त्या धुक्यातून असं काढलं की कुणाच्या घोट्यालाही पाणी लागलं नाही. हिल्डाचा बूटसुद्धा त्याने वाटेत काढून दिला. खाली पबचा धूर दिसायला लागला. तिथून रस्ता दोन भिंतींमधून सरळ जातो, चुकायला जागाच नाही.

तिथे मध्येच विल्फ थांबला.

"इथे फाटा नाहीये," डेस्मंड म्हणाले. पण म्होरक्याच्या पुढे जायचं नसतं, म्हणून ओलीचिंब, भुकेली मंडळी त्याच्या मागे गुपचूप उभी राहिली. स्वयंपाकघर बंद व्हायला आलं होतं. मी मागचं कुरणाचं फाटक लावलं आणि सगळ्यांना ओलांडत त्याच्या शेजारी जाऊन पोचले. काठी मी काखेत धरली होती.

"दमलास का रे म्हाताऱ्या?" मी विचारलं.

"जरासा," तो म्हणाला आणि चालू लागला.