मंगळवारचं काल्याचं कीर्तन

दिवाळीपासून आरोही घराबाहेर एक शब्द बोलत नव्हती. शाळेत नाही, दुकानात नाही, देवळातही नाही. शाळेतले गुरुजी म्हणाले, नाशिकच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात, घेऊन जा. आरोहीच्या आईला, सिंधुबाईला जायचं होतंच. पण पोरीला वेडाच्या डॉक्टरकडं नेली, असं गावात, सायखेड्यात, एकदा पसरलं की ते तिच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. म्हणून थांब्यावर शेजारच्या चिमणाबाईनं हटकल्यावर तिनं सांगून टाकलं, नाशिकला काल्याचं कीर्तन आहे. देवाची शपथ तेवढी घेतली नाही.

आता कीर्तन म्हटल्यावर चिमणाबाई मागे राहते होय? टाळ आणि महाप्रसादासाठी रिकामा डबा घेऊन ती एसटीत चढली. वाटभर विचारत राहिली, बुवा कोण, गळा कसा, मृदंगाला कोण. सिंधुबाईनं एक बुवा आणि एक मृदंगवाला जागच्या जागी उभे केले. बुवा जरा जास्तच गोड गळ्याचे झाले.

नाशिकला उतरल्यावर सिंधुबाई दवाखान्याच्या फाटकाशीच थांबली. केसपेपरची खिडकी बंद होत आलेली. मागच्या मंगळवारी मायलेकी अशाच परत गेल्या होत्या. आणि चिमणाबाई मांडव शोधत उभी.

"मावशी, कीर्तन नाय. पोरीला दाखवायला आणलंय. मनाच्या डॉक्टरकडं."

चिमणाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग रिकाम्या डब्याकडं. "कीर्तनाच्या नावानं खोटं बोललीस. पांडुरंग बघून घेईल तुला. आधी चल, खिडकी बंद व्हईल."

रांगेत आया तोंडावर पदर ओढून बसल्या होत्या. चिमणाबाईनं एकेकीला, तुमच्या लेकराला काय होतंय, असं खड्या आवाजात विचारलं. सिंधुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं; पण हळूहळू पदर मागे सरले आणि रांग बोलायला लागली.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी ही कुणाशी बोलते? सिंधुबाई खाली मान घालून म्हणाली, शेळीशी. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आरोहीलाच विचारलं, शेळीचं नाव काय? खोली गप्प. गप्प खोली चिमणाबाईला सोसते कुठली? चंद्री, असं सांगून तिनं चंद्रीची आई, चंद्रीची करडं, चंद्रीचं दूध असं निरूपणच मांडलं.

"चंद्री तुमची," आरोही म्हणाली. "आमची मोरी."

सिंधुबाईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टरीणबाई जणू काही झालंच नाही अशा थाटात म्हणाल्या, आज एवढं पुरे. वेळ लागेल, पण दर मंगळवारी आणा.

चिमणाबाई उठेना. मग इतकं हळू बोलली की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

"माझा नातू," ती म्हणाली, "भिंतीला डोकं आपटतो. लाजंपायी पाव्हणंबी बोलवत नाय आम्ही. त्याला बघाल का?"

आणा त्यालाही, बाई म्हणाल्या.

दोन घरांमधली भिंत एकच. धपधप ऐकून सिंधुबाईला आजवर वाटायचं, पलीकडे मिरच्या कुटतात.